शुद्धीचे मार्क

आमच्या आयसीयूतले किस्से ड्युटी बदलताना चहाबरोबर निघतात. जाणारी सिस्टर एक सांगते, येणारी त्यावर दुसरा चढवते. शहापूरला इतकी वर्षं नर्स म्हणून काढल्यावर माझ्याकडे त्यांचा साठाच झालाय. बरेचसे हसण्यासारखे नाहीत. तरी आम्ही हसतो!

बेशुद्ध पेशंटला आम्ही मार्क देतो. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलं तसे हातपाय हलवतो का. पूर्ण जागा असेल तर पंधरा, काहीच नसेल तर तीन. शून्य कुणालाच नाही! आमचे डॉक्टर नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगतात, "हा तक्ता एक गोष्ट धरून चालतो. ज्याला कळतं, तो करून दाखवतो. तसं असेलच असं नाही."

*

किन्हवलीचे एक आजोबा आले, बांधावरून पडलेले. डोळे उघडे, नजर छताला. मी ओरडतेय, "आजोबा, हात उचला! माझं बोट दाबा!" ढिम्म. मार्क कमी, धावपळ सुरू.

तेवढ्यात सून धापा टाकत आली. "सिस्टर, वरडू नका. त्यांना काय्येक ऐकू येत नाय!"

तिनं खुणेनं हात वर करून दाखवला. आजोबांनी दोन्ही हात वर केले. पोलिसांनी पकडल्यासारखे!

*

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली एक तरुण बाई. नवऱ्यानं उचलून आणली. म्हणे, "विहिरीवर पाय घसरला." डोळे घट्ट मिटलेले. हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. स्कॅन स्वच्छ, रक्तही स्वच्छ. डॉक्टर चक्रावले. नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा, हलायला तयार नाही.

शेवटी डॉक्टरांनी त्याला औषधं आणायला पिटाळलं. दार बंद झाल्याचा आवाज आला.

डोळे न उघडताच ती म्हणाली, "ग्येला का तो?"

आम्ही त्याला परत आत सोडलं नाही. तिचा भाऊ येईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

*

मग मुंबईहून एक संशोधक मॅडम आल्या, तारांची टोपी घेऊन. न हलणारा, न बोलणारा पेशंट आतून जागा आहे का, ते म्हणे ही टोपी ओळखणार. पेशंटला सांगायचं, "मनातल्या मनात पोहा." त्याला कळलं तर पडद्यावरच्या रेघा बदलणार.

आधी धडधाकट माणसावर बघू, म्हणून आमच्या आयाबाई सुनंदामावशींना टोपी घातली. मॅडम सांगून सांगून थकल्या. रेघा जागच्या जागी.

"मशीनच्या हिशोबानं यांना काहीच कळत नाहीये!"

"मंग सकालपासून लादी कोन पुसतंय?" मावशी म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. मावशी नाही हसल्या. टोपी काढून देताना म्हणाल्या, "माजी भईन नदीत बुडाली, बाय. मला कुठं पवता येतं? मी आपली मनात पन काठावर उभी व्हते."

*

नितीन खर्डीकडचा. वायरमनची कामं करणारा. जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. आमच्याकडे पोचला तेव्हा पापण्या मिटलेल्या, मग श्वासही थांबला. व्हेंटिलेटर लावला. डोळ्यांच्या बाहुल्यांवर टॉर्च मारला तरी हालचाल नाही. मार्क तीन.

भाऊ म्हणाला, "सगला संपलाय ना, सिस्टर? खोटा नका सांगू."

डॉक्टर म्हणाले, "मण्यारीच्या विषानं माणूस असा दिसतो. थांबा."

शेजारच्या खाटेवर मुरबाडच्या एक काकी होत्या. मेंदूत रक्तस्राव. त्यांनाही तीनच. त्यांची मुलगी रोज कानाशी बसून गावच्या गोष्टी सांगायची. भात पोटरीला आला, म्हैस व्याली. एके सकाळी घरच्यांनी उपचार थांबवायचं ठरवलं, सह्या केल्या आणि काकींना घरी नेलं. वाटेतच गेल्या. निघण्याआधी मुलगी त्यांचे केस विंचरत होती.

त्यानंतर नितीनचा अंगठा हलला. मग पापणी. नळी काढली तेव्हा भावानं डॉक्टरांचे पायच धरले. मी चमच्यानं पाणी पाजलं. घशातून कसाबसा आवाज फुटला.

"सिस्टर, बाजूच्या काकी कुठं ग्येल्या?"

मी दचकले. त्यानं काकींना कधी पाहिलंच नव्हतं. "तुला काय माहीत त्यांचं?"

"त्यांची पोरगी बोलायची ना. मी आयकायचो. म्हशीला पारडू झाला."

"त्यांना घरी नेलं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना शुद्ध नव्हती रे."

नितीननं मान डॉक्टरांकडे वळवली.

"आन् मला व्हती?"