तिसरी खुंटी

लोणावळ्यात रस्ता विचारून कुणी वेळेवर पोचला असेल, तर त्याने तो माझ्या बायकोच्या मामांना विचारला नव्हता, एवढं मी पैजेवर सांगतो. मामा निवृत्त पोस्टमन. पत्ता सांगण्याआधी पत्त्याचं मूळ सांगायची त्यांना खोड होती. स्टेशन कुठे, असं विचारणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी इरल्याच्या गल्लीचा इतिहास असा ऐकवला, की शेवटी त्या दोघांनी स्टेशनऐवजी राहायची खोलीच विचारली. लग्नपत्रिका आली की आधी लिफाफ्यावरचा पत्ता लाल पेनाने दुरुस्त व्हायचा, मग वधूवरांची नावं वाचली जायची.

तो इतिहास असा. पूर्वी बाजाराच्या दिवशी डोंगरावरच्या वाड्यांमधून बायका यायच्या. पाऊस असला की डोक्यावर इरलं, म्हणजे बांबूच्या काड्यांचं नि पानांचं पाठभर आच्छादन. ते निथळत असायचं, म्हणून दुकानदार आत घेत नसत. मग गल्लीच्या तोंडाशी गोदामाच्या भिंतीत कुणीतरी खुंट्या ठोकल्या. इरली तिथे टांगायची, बाजार करायचा, जाताना घ्यायची. ओळखायला प्रत्येकीची वेगळी चिंधी. कुणाचं इरलं कधी बदललं नाही, हे सांगताना मामांची छाती फुगायची, जणू राखणीला तेच उभे होते.

आणि शेवटी माझ्याकडे बघून हमखास म्हणायचे, “तिसरी खुंटी तुमच्या आईची, जावईबापू. निळी चिंधी. आमी बघितल्यालं हाय.”

मी विषय बदलायचो. मी बोर्ड रंगवणारा पेंटर, बाजारात माझं दुकान. आई कुसगावच्या वरच्या वाडीची, हे गिऱ्हाइकांपुढे निघालेलं मला आवडायचं नाही. शाळेत असताना त्याच भिंतीसमोरून मी मित्रांबरोबर मान वळवून गेलो होतो. आई इरलं टांगत होती. तिने मला हाक मारली नाही. तिला कळलं होतं.

गल्लीला पाटी लागावी म्हणून मामांनी नगरपालिकेकडे सात वर्षं अर्ज केले. अखेर मंजूर नावांची यादी झाली आणि पाट्या रंगवायचं काम माझ्याकडेच आलं. यादीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘इरल्याची गल्ली’. मी ब्रश हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. मग रंगवलं, ‘गुलमोहर पथ’. त्या गल्लीत गुलमोहर सोडा, कढीपत्त्याचं झाडसुद्धा नव्हतं.

मामा दुकानात आले. मी म्हटलं, वरूनच तसं आलं. ते पाटीखाली उभे राहून गुलमोहर शोधत राहिले. पुढे त्या पत्त्यावर त्यांच्या दारी आलेलं पार्सल त्यांनी ‘अशी गल्ली न्हाई’ म्हणून परत धाडलं. आत त्यांच्याच गुडघ्याचा पट्टा होता. दोन-तीन वर्षांत तर लोक सांगायला लागले, इथे म्हणे कुणा साहेबाने लावलेला जुना गुलमोहर होता. मामा पुन्हा अर्ज करू लागले. मग एका श्रावणात त्यांचे अर्ज बंद झाले. मला वाटलं, म्हातारा थकला. सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकतो.

मामा गेल्यावर, त्यांच्या तेराव्यानंतर, मी नगरपालिकेच्या कचेरीत गेलो. पाटी चुकली आहे, मी फुकट बदलून देतो, म्हणालो. तिथला जुना कारकून चष्म्यावरून बघत राहिला. म्हणाला, “मामांना मी यादी दाखवली होती की. बदलून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, ऱ्हाऊ द्या. पाटी आमच्या जावयानं रंगवलीय. चारचौघांत त्याला लाज वाटंल.”

म्हणजे त्या श्रावणानंतरची चार वर्षं मामा माझ्या दुकानात बसून चहा पीत होते ते सगळं माहीत असून. त्या चार वर्षांत तिसऱ्या खुंटीचा विषय त्यांनी एकदाही काढला नव्हता. माझ्या हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

नवी पाटी मीच लावली. शिडीवरून उतरत होतो, तर पाठीवर पिशव्या घेतलेल्या दोन मुलींनी विचारलं, काका, स्टेशनकडे कसं जायचं? हात दाखवून मोकळा होणार होतो. मग शिडी भिंतीला टेकवली आणि म्हटलं, “सांगतो. इथे पूर्वी खुंट्या होत्या. तिसरी माझ्या आईची.”

त्यांची लोकल चुकली असावी.