सांभाळणाऱ्याचं नाव

नाशिकच्या द्वारका चौकातल्या गोंगाटातून आतल्या गल्लीत वळलं की कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक अरुंद दुकान लागतं. ते रहेमान मोमीनचं. माणूस मूळ मालेगावचा, बोलायला मवाळ आणि नको तितका भला. भलेपणाचं आपल्याकडे काय होतं ते त्याला पन्नाशीला टेकल्यावर कळलं, आणि कळलं तेही असं की वैऱ्यावर ती वेळ येऊ नये.

गल्लीतले बाकीचे दुरुस्तीवाले गिऱ्हाइकाच्या मशीनवर चोरीची सॉफ्टवेअरं भरून देत. रहेमान तसलं करत नसे. तो स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडी, तीत एक ओळ टाइप करी, एंटर दाबी आणि चहा सांगी. चहा येईपर्यंत ब्राउझर, पीडीएफ वाचायचं, फोटो बघायचं, मराठी टायपिंगचं, सगळं इंटरनेटवरून उतरून आपोआप बसलेलं असे. याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालत, "काय जादू केली भाई," म्हणत आणि मशीन उचलून चालती होत. या जादूमागे माणसं असतील हे कुणाच्या डोक्यात येत नसे.

माणसं होती. ही सॉफ्टवेअरं ज्या भांडारातून उतरत ते कुठल्या कंपनीचं नव्हतं, जगभरातले हौशी लोक ते फुकट सांभाळत. एकेक पॅकेज, म्हणजे एकेका सॉफ्टवेअरचं बांधलेलं गाठोडं, एकेकाच्या नावावर. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की त्याने ती आपल्या मशीनवर बसवून पाहायची, काढून पाहायची, कुठून उतरवायची तो पत्ता बदलायचा आणि भांडारात चढवायची. मराठी टायपिंगच्या पॅकेजचा सांभाळणारा एकदा कंटाळून सोडून गेला आणि ते बेवारस पडलं. रहेमानने ते पदरात घेतलं. सकाळी शटर वर केलं की गिऱ्हाईक यायच्या आधी तो हेच काम करत बसे. वर्षानुवर्षं.

महाराष्ट्रभरचे छापखानेवाले, झेरॉक्सवाले, बातमीदार त्या पॅकेजवर बोटं चालवत होते. त्यांतल्या एकाने कधी दोन ओळींचा आभाराचा निरोप टाकला असेल तर शपथ! लिहिणारे लिहीत ते शिव्या द्यायला. 'नव्या विंडोजवर चालत नाही, झोपलात काय?' रहेमान माफी मागून दुरुस्ती करून देई. पॅकेजच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत 'सांभाळणारा : रहेमान, नाशिक' असं होतं. कधीकधी तो ते पान उघडून नुसता बघत बसे. तेवढीच त्याची मिजास. गल्लीत त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि घरी सांगून कुणाला कळलं नसतं.

मग मालेगावला अम्मीची किडनी बिघडली. रहेमानच्या खेपा सुरू झाल्या. दुकान अर्धा वेळ बंद, आणि पॅकेज मागे पडत चाललं. निरोपांचा सूर चढला. त्या गदारोळात मार्टिन नावाच्या एका परदेशी माणसाचा निरोप आला: 'सावकाश घ्या. मी मदत करू का?' तो चुका शोधून द्यायचा, दुरुस्त्या करून पाठवायचा, आणि शेवटी हटकून विचारायचा, 'आईची तब्येत कशी आहे?' दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून रहेमान त्याला सगळं लिहायचा. सख्ख्या भावांनी विचारलं नव्हतं इतकं त्या परक्याने विचारलं.

मालेगावात मागवाल्यांची एक रीत आहे. कारखानदार गावाला निघाला की यंत्रमागाच्या शेडची किल्ली शेजारच्याकडे देऊन जातो. शेजारी माग चालू ठेवतो, कारागिरांना चहा पाजतो आणि मालक परतला की किल्ली देतो. तिथे 'तू कोण, कुठला' असं विचारणं म्हणजे शिवीच. रहेमानच्या अब्बांनी जन्मभर हेच केलं आणि त्यांचं सुताचं एक बाचकं कधी हललं नाही. रहेमाननेही तेच केलं. मार्टिनचा चेहरा त्याने पाहिला नव्हता, आवाज ऐकला नव्हता, पण पॅकेजची किल्ली, म्हणजे भांडारात नवी आवृत्ती चढवायचा पासवर्ड, त्याने देऊन टाकली. भाबडा म्हणा, मूर्ख म्हणा. मला मात्र त्याला मूर्ख म्हणवत नाही.

अम्मी गेली. मार्टिनचा सांत्वनाचा निरोप आला, लांबलचक. रहेमान तो वाचून रडला, मातीच्या दिवशी रडला नव्हता तितका.

अम्मीचा चाळिसावा दिवस व्हायचा होता तेवढ्यात पॅकेजची नवी आवृत्ती आली. जुनं, विश्वासाचं पॅकेज, त्यामुळे भांडारातल्या तपासणाऱ्यांनीही वरवर पाहून सोडलं. त्या आवृत्तीत मराठी टायपिंगबरोबर आणखी एक काहीतरी गुपचूप उतरत होतं आणि मशीनवरचे पासवर्ड गोळा करून बाहेर पाठवत होतं. उघडकीला आलं तेव्हा मार्टिन नावाचं कुणी उरलं नव्हतं. तपासात एवढंच निघालं की पासवर्ड इंटरनेटवरच्या ज्या पत्त्यावर जात होते तो पत्ता अम्मी आजारी पडायच्याही आधी घेऊन ठेवलेला होता. म्हणजे तो हरामखोर तब्येत विचारत होता तेव्हाही त्याचं सगळं तयार होतं. भांडाराने पॅकेज काढून टाकलं आणि रहेमानचं नावही. ज्यांनी कधी आभार मानले नव्हते ते आता त्याच नावाने चोर, भामटा, विकला गेलेला असं लिहू लागले.

आणि मग कारभारी आला. कारभारी हे नावच त्याचं; गल्लीच्या तोंडाशी लग्नपत्रिका आणि शाळेच्या प्रश्नपत्रिका छापणारा, निफाडकडचा, रहेमानचं जुनं गिऱ्हाईक. कॉम्प्युटरचा डबा उराशी धरून आत शिरला आणि टेबलावर आदळून म्हणाला, "रहेमानभाई, माझं मेल दुसऱ्यानंच उघडलं हो. शाळेचे पेपर फुटले. हेडमास्तर म्हणत्यात, उद्यापासून येऊ नका. लय बेकार झालं. कोणाचं पाप हाय हे?"

रहेमानला गप्प बसता आलं असतं. कारभारीला पॅकेज म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. व्हायरस आला म्हटलं असतं की संपलं.

"कारभारीभाऊ, ते टायपिंगचं पॅकेज मीच सांभाळायचो," तो म्हणाला. "किल्ली मी दिली एकाला. चूक माझी आहे."

कारभारीने विचारलं, "म्हंजी इतकी वर्षं ते चालत व्हतं, ते तुम्ही चालवत व्हते?"

"हो."

"चालत व्हतं तवा कधी बोलले नाय." कारभारीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच रहेमानला सोसेना. "तवा सांगितलं असतं तर चारचौघांत नाव घेतलं असतं तुमचं. आता काय करू मी तुमच्या नावाचं?"

रहेमान म्हणाला, "मशीन ठेवून जा, मी सगळं साफ करून देतो."

"नको भाई." कारभारीने डबा पुन्हा उचलला. "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या हातात आता नको."

डबा जड होता आणि दाराशी कारभारीची चप्पल अडकली. रहेमान उठला, दुसऱ्या बाजूने हात लावला आणि समोरच्या दुरुस्तीवाल्याच्या टेबलापर्यंत डबा पोचवून आला.