आईचं दुसरं पत्र

सदा गेल्याचं कळलं तेव्हा मी गुडगावच्या ऑफिसात होतो. फोनवर त्याची बायको माधवी एवढंच म्हणाली, "भाऊजी, हार्ट अटॅक... हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं." मी खाली आलो आणि रिक्षा बघायची सोडून पायऱ्यांवरच बसून राहिलो. आज पाच आठवडे झाले, माझा स्वतःवरचा राग काही जात नाही.

सदा करोल बागेत वाढलेला, वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. बाहेरच्या कंपन्या आल्या, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघं त्यांतल्याच एकीत कोड लिहायला लागलो. रविवारी मात्र तो फुकटचं काम करायचा. मराठी मजकूर छापणारा एक प्रोग्राम आम्ही काही हौशी लोक मिळून चालवत होतो. कोड सगळ्यांना खुला, पण बदल पक्का करायचा अधिकार माझ्याकडे. कोड तपासून चालता करणारा कम्पायलर ज्या वॉर्निंग, म्हणजे धोक्याच्या सूचना, द्यायचा, त्यांकडे आम्ही खुशाल काणाडोळा करायचो. सदा एकेक उकरत बसायचा. "तांदूळ निवडतोयस का रे?" मी चिडवायचो.

एकदा त्याला खराच खडा सापडला. एक पत्र छापून झालं की प्रोग्राम कॉम्प्युटरच्या मेमरीतली वापरलेली जागा परत करायचा, आणि दुसऱ्या पत्राच्या वेळी तीच जागा अजून आपली समजून कोसळायचा. "यार, घर सोडलंय, तिथे आता दुसरं बिऱ्हाड आहे, आणि हा जुन्या किल्लीनं आत शिरतोय!" त्याची आई आपल्या दोघी बहिणींना पत्रं लिहायची, आणि दुसरं पत्र हमखास अडायचं. दुरुस्ती त्यानं मला दिवाळीआधीच पाठवली होती. शेवटच्या भेटीतही त्यानं विचारलं, "बघितलंस?" मी म्हणालो, "या रविवारी नक्की." असे किती रविवार मी घालवले...

तेराव्यानंतर ती दुरुस्ती उघडली. अकरा ओळी. वाचायला वीस मिनिटंही लागली नाहीत, आणि चूक एकही नव्हती. त्याच्या नावानं बदल पक्का केला आणि नवा प्रोग्राम घेऊन करोल बागेत गेलो. काकू, सदाची आई, बहिणींना लिहायलाच बसल्या होत्या. मी प्रोग्राम बदलून दिला. पहिलं पत्र छापून झालं आणि त्यांनी लगेच कॉम्प्युटर बंद करायला घेतला.

"काकू, आता बंद करायची गरज नाही. सदानं दुरुस्त केलंय ते. दुसरं सरळ छापा."

"नको रे," त्या म्हणाल्या. "सदानंच सांगितलंय, एक पत्र झालं की बंद करायचं, मग पुन्हा सुरू करायचं."

आणि पडदा काळा होईपर्यंत त्या मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.