भाग्यश्रीनं पास्कलमध्ये विणलेला टॉवेल

शुक्रवार पेठेतल्या आमच्या ऑफिसात किस्से कुणी जमवत नाही, चहाला बसलो की आपोआप निघतात. अजून पास्कल या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही तिघं, म्हणून लोक आधी आम्हालाच हसतात. पण हे किस्से भाग्यश्रीचे. ती घरी आईबरोबर टॉवेलच्या किनारी शिवायची, वडील मागावर. माझ्याकडे प्रोग्रामिंग शिकायला पाठवताना त्यांनी बजावलं होतं, "एक महिना शीक. सरांनी ठेवून घेतलं तर ठीक, न्हायतर परत शिलाईला बसायचं."

*

पहिल्या दिवशी तिनं टॉवेलचा 'क्लास', म्हणजे प्रोग्राममधला आराखडा, लिहिला. लांबी, वजन, रंग. रन केलं, स्क्रीन कोरी.

"सर, सगळं लिवलंय की. टॉवेल कुटाय?"

"हे नुसतं ग्राफ पेपरवरचं डिझाइन झालं. ग्राफ पेपरनं अंग पुसता येतं का?"

तिनं खरंच विचार केला आणि म्हणाली, "न्हाय."

*

दुसऱ्या दिवशी ऑब्जेक्टला, म्हणजे त्या आराखड्यावरून बनणाऱ्या एका टॉवेलला, नाव दिलं आणि थेट वजन भरायला गेली. प्रोग्राम आपटला. ऑब्जेक्ट तयार करणारं 'क्रिएट' लिहिलंच नव्हतं! मी तापलो. ती शांतपणे म्हणाली, "म्हंजे विणायच्या आदीच काट्यावर ठिवला की मी." इतकी वर्षं शिकवतोय, मला हे असं सांगायला सुचलं नव्हतं.

*

मग एकाच ऑब्जेक्टला तिनं दोन नावं दिली. एका नावानं रंग लाल केला, तर दुसरीकडेही लाल. धावत आली. "सर, ह्याचा रंग त्याला लागला!"

टॉवेल एकच आहे, हे पटवायला माझा अर्धा तास गेला.

*

काम झालं की ऑब्जेक्ट काढून टाकायचा, नाहीतर मेमरी भरते. ही काढायलाच तयार नाही. "चांगला माल मोडायचा कशाला?" कॉम्प्युटर बंद पडल्यावर ऐकलं.

*

महिना संपला. वडील तिला न्यायला आले. मी अजून हो म्हटलं नव्हतं.

तिनं प्रोग्राम दाखवला. वडलांनी स्क्रीनवर बोट ठेवून एकेक ओळ वाचली. "किनार कुणी शिवली, ते न्हाय ह्यात?"

भाग्यश्रीनं सहा वर्षं किनारी शिवल्या आणि नेमकं तेच विसरली होती. मग तिनं असं लिहिलं की क्रिएट करतानाच शिवणाऱ्याचं नाव द्यावं लागेल, त्याशिवाय टॉवेल तयारच होणार नाही. मला लई आवडलं.

"उद्यापासून कामावर ये," मी म्हणालो.

ती शिवणाऱ्याच्या चौकटीत स्वतःचं नाव टाइप करायला लागली. वडलांनी तिचा हात धरला.

"तुजं नको. आता आईचं घाल."