पेटी जांभूळची

दत्तूमामा सुतार नव्या पेटीत आधी भात ओतायचे. शिजवलेला नव्हे, जांभूळ गावातल्या त्यांच्या शेतातला सालीसकटचा. वूफरच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, भोकातून लिटरच्या मापाने मोजत पेटी काठोकाठ भरायची. जास्त मावला तर आत लाकडाचा ठोकळा बसवायचा, कमी मावला तर पेटी मोडून पुन्हा करायची. नव्वदच्या सुमारास उल्हासनगरात गाडीच्या डिकीत अशा धमधम वाजणाऱ्या पेट्या बसवायचं वेड लागलं होतं. मामा ज्या दुकानासाठी पेट्या करायचे, तिथेच मी वायरिंग करायचो.

“मामा, पुलाव कधी?” आम्ही चिडवायचो.

“आधी पेटी जेवंल, मंग तू. पोट मोजल्याबिगर पेटी बोलत नाय.”

सांधे भरायला सरसात कालवलेला लाकडाचा भुसा. मग वूफर बसवून त्यावर तळहाताने हलकेच दाबायचे आणि सांध्यापाशी उदबत्ती धरायचे. धूर जरा हलला की पेटी नापास! आमच्या सिंधी शेठला ही सगळी भानगड फुकटची वाटायची, पण मामांची पेटी कधी खरखरली नाही.

मामा दुपारी घरी गेले की शेठ त्या पेट्यांवर परदेशी कंपनीचं लेबल लावून घ्यायचा. लावायचो मी. नोकरी होती, दुसरं काय सांगू?

एकदा लाल गाडीवाला गिऱ्हाईक सकाळीच आला. मामा दुकानातच होते. डिकीत आदल्या दिवशी बसवलेल्या पेटीवर हात फिरवत तो म्हणाला, “फॉरेनचा माल तो फॉरेनचाच! आपल्या सुतारांना जमणारे का हे?”

मामा उठले, पटाशी घेतली आणि लेबल खरवडून काढलं. “ही पेटी जांभूळची हाय. ह्या हातांनी केलीय.”

“अरे साईं, धंदा खराब करू नका! गिऱ्हाईक नाव बघून येतं,” शेठ कळवळला.

“मंग माजं लावा.”

सगळं दुकान हसलं. आजही आठवलं की डोकं फिरतं माझं. हसायला काय झालं होतं मेल्यांना?

गिऱ्हाईक मात्र समजूत घालायला लागला, “पेटी छानच आहे हो मामा, पण लेबल परत लावा. चार लोकांत काय सांगू मी?”

दुकानाचं काम गेलं तर पावसाळ्यातली शेती सोडून मामांच्या हाताला काही नव्हतं. तरी त्यांनी एकेक स्क्रू काढला, वूफर अलगद गिऱ्हाइकाच्या हातात दिला आणि पेटी खांद्यावर घेतली. “वूफर तुमचा. पेटी माजी.”

“मग परत यायचं नाही!” शेठ ओरडला.

“बोलावलं तरी नाय.” दारात ते थांबले. “लेबल कोणी लावलं व्हतं?”

मी आधीच जोडलेली वायर पुन्हा जोडत राहिलो.

पुढच्या आठवड्यात शेठने लेबलांचा गठ्ठा हातात दिला, तो मी गल्ल्यावर ठेवला. “शेठ, दुसरा माणूस बघा.” तडक जांभूळ गाठलं. मामा अंगणात कुणाच्या तरी दाराची चौकट रंध्याने तासत होते.

“मामा, ते लेबल मी लावलं होतं.”

रंधा थांबला नाही. “ठाव हाय मना. तिरपं लावलं व्हतंस. तुजा हात असा कवा चालत नाय. लाज वाटत व्हती तुला.” मग त्यांनी घराकडे बघून हाक दिली, “अगं, चहा टाक. आपला मानूस आलाय.”