रिकाम्या रकान्यातले शून्य

ऑफिसात सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे फूटपट्टी. कागद वाचताना ओळीखाली लाकडी पट्टी धरायची, ओळ संपली की ती खाली सरकवायची, ही त्यांची एकतीस वर्षांची सवय. शेअर दलालांच्या त्या पेढीत ते ऑर्डरच्या चिठ्ठ्या तपासायला लागले होते. चिठ्ठ्या गेल्या, संगणक आले, तपासनीस मात्र तेच राहिले. पट्टीवरचे इंच पुसून गेले होते, तिचा सरळपणा शाबूत होता.

निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि पेढीची इभ्रत एका परीक्षेला टांगलेली होती. आजवर पेढीच्या ऑर्डरी दुसऱ्या, मोठ्या दलालामार्फत जात. आता पेढीचे स्वतःचे सॉफ्टवेअर बाजाराच्या संगणकाशी थेट बोलणार होते. त्याआधी बाजार साठ संदेशांची चाचणी घेई. एक ऑर्डर म्हणजे एक संदेश. त्यातला प्रत्येक रकाना नियमात बसला तर स्वीकार, नाहीतर परत. एक जरी परत आला तरी नापास. पेढी दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली की सहा महिने दार बंद, आणि मग ते उघडलेले काकांना या खुर्चीतून दिसणार नव्हते.

चाचणी सकाळी अकराला होती. नऊला रंगीत तालीम घेतली, तर एकोणीस संदेश परत.

"चव्वेचाळीस नंबरचा रकाना, मूल्य अमान्य," सॉफ्टवेअर विभागाच्या प्रमुख बाईंनी वाचून दाखवले. "चव्वेचाळीस म्हणजे भाव. आणि हे बघा काका, भावाचा रकाना तर स्क्रीनवर कोरा आहे! जे नाहीच, ते चुकेल कसं? पंधरा दिवस डोकं फोडतेय मी."

"बाजाराचंच काही चुकत असेल," दारातून मालक म्हणाले.

"दोनदा विचारलं साहेब. म्हणतात, आधी तुमच्या घरात शोधा."

"मला संदेश कागदावर छापून द्या," काका म्हणाले.

"स्क्रीनवर आहे तेच कागदावर येणार, काका."

"स्क्रीनवर तुम्ही नटवून दाखवता. मला तोंड न धुतलेला, उठल्या उठल्या असतो तसा हवाय."

बाई हसल्या, पण छापून दिला. आकड्यांची न संपणारी रांग होती. काकांनी एक स्वीकारलेला आणि एक परत आलेला संदेश शेजारी ठेवला, खाली पट्टी लावली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. स्वीकारलेल्या ऑर्डरीत ग्राहकाने भाव सांगितलेला होता. परत आलेली ऑर्डर, बाकीच्या अठरांसारखीच, 'मिळेल त्या भावाने घ्या' अशी होती. पट्टी सरकत सरकत एका जागी थांबली.

"चव्वेचाळीस, शून्य," काका म्हणाले. "बाई, रकाना कोरा नाही. शून्य बसलंय इथे."

"अगं बाई! फार गिचमिड दिसते म्हणून स्क्रीनवर शून्य लपवायचं आम्हीच ठरवलं होतं." बाईंनी कपाळावर हात मारला. "पण शून्य म्हणजे काही नाहीच ना?"

"वा! ग्राहक म्हणतो मिळेल त्या भावाने घ्या, आणि आपण खाली लिहितो, भाव शून्य. म्हणजे फुकट द्या! बाजार परत पाठवेल नाहीतर काय पाठ थोपटेल?"

"पण हे शून्य भरायला सांगितलं कुणी?" मालकांनी विचारले.

बाईंनी फाईल काढली. "पेढीच्याच नियमावलीत आहे. नियम सात: कोणताही रकाना रिकामा सोडू नये. मजकूर नसल्यास शून्य लिहावे." मग त्या अडखळल्या. खाली सही काकांची होती.

काकांना घरचा टोमणा आठवला. "लग्नाच्या नोंदणीच्या अर्जात मुलं या शब्दापुढे शून्य लिहिणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही," असे बायको अजून पाहुण्यांना सांगे.

"सही माझीच आहे," काका म्हणाले. "चिठ्ठीत जागा कोरी राहिली की मागाहून कुणीतरी काहीतरी घुसडायचं, म्हणून केला होता नियम. इथे घुसडायला कोण येणार? आपलेच दात, आपलेच ओठ!" त्यांनी लाल पेन घेतले, पट्टी लावून नियम सात सरळ रेषेत खोडला आणि खाली तारखेसह सही केली. "हा घ्या लेखी आदेश. जिथे भाव नाही, तिथे रकानाच पाठवू नका."

बाई कीबोर्डकडे धावल्या.

"थांबा. नियम काय एकट्या भावासाठी होता? सगळे रकाने बघू."

पट्टी पुन्हा चालली. आणखी दोन रकान्यांत शून्ये दबा धरून बसलेली सापडली. ती निघाली तेव्हा अकराला सात मिनिटे कमी होती.

चाचणी सुरू झाली. दहा गेले, वीस गेले. पहिली 'मिळेल त्या भावाने' ऑर्डर एकविसावी होती. मालकांनी डोळेच मिटले.

"स्वीकारली!" बाई ओरडल्या.

चाळीस. पन्नास. एकोणसाठ. साठावा संदेश स्वीकारला गेला आणि खोलीत असा गलका झाला की शेजारच्या ऑफिसातले लोक विचारायला आले. मालकांनी काकांना मिठी मारली. मध्ये पट्टी अडकली ती अडकलीच.

बाईंनी बाजाराचा निकाल छापून काकांच्या हातात दिला. त्यांनी पट्टी लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. परत पाठवलेले संदेश: ०.

"काय काका, हेही शून्य काढून टाकू का?" बाईंनी विचारले.

"हात तर लावून बघा!" काका म्हणाले, आणि निकालाची घडी न करता, सरळ धरून, घरी फोन लावायला निघाले.