खोपकरांचं पान

ज्याला कधी पाहिलं नाही, ज्याच्याशी आपलं नातं ना गोतं, अशा माणसावर जीव टाकावा तर तो आमच्या मामेसासऱ्यांनीच. तो माणूस म्हणजे चित्रकार खोपकर. मामा दिल्लीतल्या सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन नोएडाच्या नव्या सेक्टरात राहायला आले, तेव्हा आजूबाजूच्या घरांत वॉशिंग मशिनं आणि नव्या गाड्या येत होत्या. मामांनी आणलं एक जुनं तैलचित्र. सुपात तांदूळ निवडणारी नऊवारीतली बाई, मागून कोणी हाक मारल्यासारखी मान वळवलेली, आणि खाली कोपऱ्यात सही, एस. जी. खोपकर. ही सही सापडल्याची कथा मामा फार अभिमानाने सांगत. पहिल्या रविवारी जुन्या सामानाच्या दुकानात चित्र पाहिलं तेव्हा सही दिसलीच नव्हती. मामांनी दुकानदाराला हिंदीत व्याख्यान दिलं की हा हात आमच्या कोकणातला, असेल कोणी खोपकर-बिपकर. पुढच्या रविवारी दुकानदाराने धूळ पुसून ठेवली होती, आणि पाहतात तर काय, खरोखरच खोपकर! "याला म्हणतात नजर," असं म्हणून मामा आमच्याकडे पाहत. आम्ही चहाच्या कपात पाहत असू.

त्यानंतर त्यांनी खोपकर नावाच्या माणसांना सुखाने जगू दिलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना शेजारच्याला कोपराने ढोसून "तुमच्यात कोणी खोपकर?" असं विचारत. छावणीत त्या आडनावाचे एक सुभेदार आहेत असं कळल्यावर मामा तिथे जाऊन धडकले. सुभेदारांच्या सात पिढ्यांत कोणी ब्रश धरला नव्हता, पण मामा त्यांच्याकडून आंबोळ्या खाऊन आले. एसटीडी बूथवरून रत्नागिरीकडच्या खोपकरांना फोन लावून मामा इतक्या आपुलकीने घराण्याची चौकशी करत, की एकांनी मुलीची पत्रिकाच पाठवून दिली. चित्रावरून त्यांनी खोपकरांचं चरित्रही रचलं होतं. खोपकर डावरे होते, मासे सोडून राहू शकत नव्हते आणि त्यांना मूलबाळ नव्हतं. मूलबाळ नाही म्हणजे मागे पाणी देणारंही कोणी नाही, म्हणून तिथी माहीत नसलेल्यांसाठी असते त्या सर्वपित्री अमावास्येला मामा गॅलरीत खोपकरांचं वेगळं पान मांडत. मामी कुरकुरत खीर वाढत. सख्ख्या सासऱ्यांनी कधी एवढे चोचले मागितले नाहीत, असं त्या मला ऐकवत.

मग दिल्लीत अचानक जुन्या चित्रांना भाव आला. विस्मृतीत गेलेल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन ठरलं आणि मामांच्या पत्राला चक्क होकार आला. खोपकरांचं नाव छापलं जाणार होतं. फक्त आधी सही तपासायची होती. त्या आठवड्यात मामांनी रोज दोनदा दाढी केली, पण जेवण धड केलं नाही. मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "काहीतरी कारण काढून हे टाळा हो." मला कारण सुचलं नाही. खरं तर मामांच्या तोंडाकडे पाहून धीरच झाला नाही.

तपासायला आलेली मुलगी चुणचुणीत आणि अतिशय सभ्य होती. तिने चित्र टेबलावर आडवं ठेवलं, रंग सोडवणाऱ्या द्रावणाची बाटली उघडली आणि समजावून सांगितलं की जुनी सही वरच्या रोगणाखाली असते, ती हलत नाही. मागाहून केलेली असली तर रोगणाच्या वर असते आणि पुसली जाते. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. चित्र खिडकीशी सरकवलं, आणि तिने काडीला गुंडाळलेला कापूस कोपऱ्यात फिरवायला सुरुवात केली. आधी कापसावर पिवळट मळ आला. मामांनी माझं मनगट धरलं होतं. मळ संपला आणि कापूस काळा झाला. शेवटचा 'र' गेला होता. मुलीने हात वर घेतला.

"अंकल, रुक जाऊँ?"

मामांनी माझं मनगट सोडलं. "नहीं बेटा, पूरा पोंछ दो. आधा नाम किसी का नहीं होता."

जाताना ती म्हणाली की चित्र खरोखर जुनं आहे, हातही फार चांगला आहे, पण कोणाचा ते आता कळणं कठीण. मामांनी तिला जिन्यापर्यंत पोचवलं, परत येऊन चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि खोपकर हा विषय बंद केला. मला त्या दुकानदाराचा असा राग आला होता की काही विचारू नका.

चारच दिवसांनी सर्वपित्री आली. मी मुद्दाम गेलो. मामा वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसले होते आणि एकच पान वाचत होते. गॅलरीत वडीलधाऱ्यांची पानं मांडून झाली. मग मामींनी आणखी एक पान घेतलं आणि त्यावर भात, वडे, खीर असं सगळं वाढलं. मामांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"ते कोणाचं?"

"ज्याने चित्र काढलं त्याचं," मामी म्हणाल्या. "तिथी ठाऊक नव्हती तेव्हा वाढलंच ना? आता नाव नाही म्हणून उपाशी ठेवायचा का?"

मामांनी वर्तमानपत्राची घडी केली. आत गेले, आणि बऱ्याच वेळाने खिळा ठोकल्याचा आवाज आला.

आता मामा नाहीत, मामीही नाहीत. चित्र आमच्या गुरुग्रामच्या घरात आहे. इतक्या वरच्या मजल्यावर कावळा येईल की नाही याची दरवर्षी धाकधूक असते, पण माझी बायको ते जास्तीचं पान न चुकता वाढते. कोपऱ्यात सही होती तिथे थोडा उजळ डाग राहिला आहे. येणारे-जाणारे चित्रापाशी थांबतात, खाली वाकून नाव शोधतात आणि मग विचारतात, कोणाचं हो हे?

आमच्या मामांचं, असं मी सांगतो.